क्रुश्ने होरी : खनिजाचे डोंगर की कष्टाचे?

जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातल्या केम्नित्स शहरात मी नोकरीनिमित्त राहायला आले, तेव्हा कचेरीच्या वरच्या मजल्यावरून दक्षिणेला दिसणारी निळसर डोंगररांग हीच माझी त्या प्रदेशाशी पहिली ओळख होती. जर्मन लोक तिला 'एर्त्सगेबिर्गे' म्हणतात. एर्त्स म्हणजे ज्यातून धातू निघतो तो दगड, गेबिर्गे म्हणजे डोंगररांग. नावात काहीच गूढ नाही. रांगेच्या पलीकडे चेक प्रजासत्ताक सुरू होते आणि तिथे त्याच डोंगरांना 'क्रुश्ने होरी' असे नाव आहे. होरी म्हणजे डोंगर, एवढे कळले. पण क्रुश्ने म्हणजे काय, हे मी दर आठवड्याला सीमेपलीकडून कामाला येणाऱ्या एका चेक सहकाऱ्याला विचारले. 'कठीण, खडतर,' तो म्हणाला, 'वाईट दिवसांना आम्ही क्रुश्ने चासी म्हणतो, तसेच हे खडतर डोंगर.' मला ते लगेच पटले, कारण तिथला हिवाळा मी एकदा अनुभवला होता. जर्मनांना डोंगरात धातू दिसला आणि चेकांना कष्ट दिसले, असा एक छानसा निष्कर्षही मी मनात काढून ठेवला आणि पुढची दोन वर्षे येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना तो ऐकवला.

तो निष्कर्ष चुकीचा होता. या 'क्रुश्ने'चे मूळ जुन्या चेक भाषेतल्या 'क्रुशेत्स' या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ धातूचा दगड, खनिजाचा खडा असाच होतो. तो शब्द बोलण्यातून गेला, विशेषण मात्र डोंगराच्या नावात अडकून राहिले, आणि आजच्या चेक माणसाच्या कानाला त्यात 'खडतर' हा दुसराच, रोजच्या वापरातला अर्थ ऐकू येतो. म्हणजे दोन्ही भाषांनी डोंगराला एकच नाव दिले होते. पाहुण्यांना सांगितलेली चूक दुरुस्त करावी म्हणून मी हे लिहायला घेतले. पण लिहिता लिहिता, या प्रदेशाचा इतिहास पाहिल्यावर, ती चूक कितपत चूक होती याविषयीच मला शंका वाटू लागली.

आधी डोंगर कसा आहे ते सांगते. सुमारे दीडशे किलोमीटर लांबीची ही रांग नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाते आणि दोन देशांची सीमा बहुतांशी तिच्या माथ्यावरून धावते. सर्वांत उंच शिखर क्लीनोव्हेत्स, १२४४ मीटर, चेक हद्दीत आहे. त्याच्या समोरच जर्मन बाजूचे फिश्टेलबेर्ग, १२१५ मीटर. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला इथली ठेवण चटकन कळते: एका बाजूने जमीन हळूहळू चढत जाते आणि माथ्यावर पोहोचल्यावर दुसऱ्या बाजूला एकदम कडा. फक्त इथे देशावरची बाजू म्हणजे उत्तरेकडचे सॅक्सनी आणि कोकणाची बाजू म्हणजे दक्षिणेकडचे बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग, असे समजायचे. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. इथे मात्र तीस कोटी वर्षांहून आधी जमिनीखाली थिजलेला ग्रॅनाइट आहे आणि त्याच्या भेगांमधून वर चढलेल्या गरम द्रवांनी कथील, चांदी, तांबे, कोबाल्ट, बिस्मथ, युरेनियम असे जे जे सोबत आणले ते शिरांच्या रूपात तिथेच बसले. पुढे सगळा पट्टा एका बाजूने उचलला गेला आणि नद्यांनी वरचे थर धुऊन नेले, तेव्हा या शिरा माणसाच्या हाताच्या टप्प्यात आल्या.

गंमत अशी की डोंगराला धातूचे नाव फार उशिरा मिळाले. नवव्या शतकाच्या आरंभीच्या एका फ्रँकिश बखरीत तो 'फेर्गुन्ना' या नावाने येतो, ज्याचा अर्थ केवळ डोंगर असा लावतात. अकराव्या शतकात मेर्सेबुर्गचा बिशप थिएटमार त्याला 'मिरिक्विडी' म्हणतो, म्हणजे काळोखे रान. पुढच्या शतकांत सॅक्सनीकडचे लोक त्याला नुसते 'बोहेमियाचे जंगल' म्हणत, कारण त्यांच्या दृष्टीने बोहेमियाला जाताना आडवे येणारे ते एक जंगल होते. 'एर्त्सगेबिर्गे' हे नाव पेट्रुस अल्बिनुस या सॅक्सन इतिहासकाराने १५८९ मध्ये छापले आणि तिथून ते रुळले. तोवर या डोंगरात चारशे वर्षे खाणी चालू होत्या, आणि दक्षिण अमेरिकेतून जहाजे भरून येणाऱ्या चांदीपुढे इथल्या चांदीची पडझडही सुरू झाली होती. वैभव ओसरू लागल्यावर नाव मिळाले. वाड्यावर पाटी लावावी आणि तोवर वाडा अर्धा विकला गेलेला असावा, तसे काहीसे.

खाणींची सुरुवात ११६८ ची मानतात. मार्गदर्शक सांगतात ती कथा अशी: मीठ घेऊन बोहेमियाकडे निघालेल्या हाले गावच्या गाडीवानांना क्रिस्टियान्सडोर्फ या खेड्याजवळ चाकोरीत एक चकाकता दगड दिसला. हार्त्स पर्वतातल्या गोसलारच्या खाणी त्यांनी पाहिलेल्या होत्या, म्हणून तो दगड ते गोसलारला घेऊन गेले आणि तिथे त्यात चांदी निघाली. गाडीवानांची कथा खरी असो वा नसो, चांदी खरी होती, आणि हार्त्सकडचे खाणकामगार तिच्यामागे आले हेही खरे. माइसेनचा सरदार ओटो याने त्यांच्यासाठी नियम काढला की ज्याला शीर सापडेल त्याने ती खणावी, जमीन कोणाची हे बघू नये, फक्त ठरलेला वाटा सरदाराला द्यावा. जमिनीशी बांधलेल्या कुळांच्या त्या काळात ही फार मोठी मोकळीक होती, आणि तिथे उभ्या राहिलेल्या शहराचे नावच 'फ्रायबेर्ग' म्हणजे मोकळा डोंगर असे पडले. चांदीच्या बातमीने उठलेल्या या धावपळीला खाणकामगारांच्या भाषेत 'बेर्गगेश्राय' असा शब्द आहे: डोंगराची हाकाटी.

दुसरी हाकाटी तीनशे वर्षांनी, १४७० च्या सुमारास श्नेबेर्गला झाली आणि या वेळी ती थेट माथ्यापर्यंत पोहोचली. त्याआधी थोडेच वर्षे, १४५९ मध्ये, सॅक्सनी आणि बोहेमिया यांच्यात एगर शहरी तह होऊन सीमा ठरली होती. युरोपात इतकी जुनी आणि इतकी कमी हललेली सीमा क्वचित आढळते. त्यामुळे एकाच डोंगरातल्या चांदीसाठी दोन्ही बाजूंना दोन राज्ये शहरे वसवू लागली, आणि त्यांची नावे पाहिली तर एक कुटुंबच डोंगरावर राहायला आल्यासारखे वाटते. सॅक्सनीत १४९६ मध्ये वसलेल्या शहराला येशूच्या आजीच्या, संत आनाच्या, नावावरून आनाबेर्ग नाव मिळाले. बोहेमियाच्या बाजूने १५१६ मध्ये उत्तर दिले ते आनाच्या नवऱ्याच्या, संत योआखिमच्या, नावाने: योआखिम्सटाल. पुन्हा सॅक्सनीने १५२१ मध्ये त्यांच्या मुलीचे नाव पुढे केले: मारिएनबेर्ग. आजी, आजोबा आणि आई, तिघेही चांदीवर बसलेले.

आनाबेर्गच्या संत आनाच्या चर्चमध्ये खाणकामगारांनी वर्गणी काढून उभारलेली एक वेदी आहे. समोरून ती इतर वेद्यांसारखीच दिसते. मात्र तिच्या मागे जाऊन उभे राहिले की हान्स हेसे या चित्रकाराने १५२१ मध्ये रंगवलेला सगळा डोंगर समोर येतो. पांढरे डगले आणि टोप्या घातलेली बारीक माणसे, रहाटाचे दांडे दोन्हीकडून फिरवणारे दोघे, ढकलगाडी, बिळासारखी खाणीची तोंडे, टेकड्यांवर एकही झाड न उरलेले. दुसऱ्या फळ्यांवर दगड धुण्याचे, वितळवण्याचे आणि नाणे ठोकण्याचे काम. ईश्वराच्या पाठीमागे कामाची जागा रंगवून ठेवण्याची ही कल्पना मला फार आवडली. मी तिथे पाऊण तास उभी होते आणि चर्चचा रखवालदार दोनदा डोकावून गेला.

योआखिम्सटाल, आजचे चेक नाव याखिमोव, हे मात्र या सगळ्यांत वेगळे प्रकरण आहे. स्टेफान श्लिक या सरदाराने ते एका ओसाड खोऱ्यात वसवले आणि पंधरा-वीस वर्षांत तिथे हजारोंची वस्ती होऊन ते प्राहाच्या, म्हणजे प्रागच्या, खालोखालचे बोहेमियातले मोठे शहर झाले. इतकी चांदी बाहेर पडू लागल्यावर ती विकण्यापेक्षा तिचे नाणे पाडणे फायद्याचे, म्हणून श्लिक घराण्याने १५१९-२० पासून आपल्याच टांकसाळीत मोठे, जड नाणे पाडायला सुरुवात केली. एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा सिंह. लोक त्याला 'योआखिम्सटालर' म्हणू लागले. जर्मन भाषेत गावाच्या नावाला 'एर' लावला की त्या गावचा असा अर्थ होतो, म्हणजे आपला 'कर'. नाणे योआखिम्सटालकर झाले. एवढे लांब आडनाव बाजारात कोण उच्चारणार, म्हणून पुढचा संत गळून पडला आणि 'टालर' उरला. 'टाल' म्हणजे खोरे. टालरचे नेदरलँड्समध्ये 'दाल्डर' झाले, तिथून इंग्रजीत आणि अमेरिकेत 'डॉलर'. जगभरचे व्यवहार ज्याच्या नावाने होतात तो डॉलर शब्दार्थाने पाहिला तर नुसता 'खोरेकर' आहे, आणि ते खोरे म्हणजे आज जेमतेम एका लांब रस्त्याचे, दोन हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे.

याच गावात १५२७ पासून काही वर्षे गेओर्ग आग्रिकोला हा शहराचा वैद्य होता. रोगी पाहून झाले की तो खाणीत उतरे, भट्ट्यांपाशी बसे, आणि कामगारांकडून शब्द गोळा करी. त्यातून त्याचा 'दे रे मेटालिका' हा लॅटिन ग्रंथ तयार झाला आणि तो त्याच्या मृत्यूनंतर, १५५६ मध्ये, बाझेलला छापला गेला. पंप, रहाट, भट्ट्या, दगडाची पारख, खाणीतले भाग किती आणि कोणाचे, सर्व चित्रांसहित. पुढची दीडदोनशे वर्षे खाणकामाला दुसरे पाठ्यपुस्तक लागले नाही. त्याचे इंग्रजी भाषांतर १९१२ मध्ये हर्बर्ट हूव्हर आणि त्यांच्या पत्नी लू हेन्री हूव्हर यांनी केले. हे हूव्हर तेव्हा खाणअभियंता होते, अमेरिकेचे अध्यक्ष नंतर झाले. आग्रिकोला वैद्य असल्यामुळे त्याने धुळीने कुजणारी फुप्फुसेही नोंदवली आणि कार्पेथियन पर्वतातल्या खाणींच्या गावी सात सात नवरे झालेल्या बायका सापडतात, असे लिहून ठेवले. नवरे एकामागून एक मरत होते, म्हणून.

कामगारांच्या तोंडचे जे शब्द या डोंगराबाहेर पडले त्यांतले बरेचसे मुळात शिव्या आहेत. चांदीसारखा दिसणारा एक दगड भट्टीत घातला की चांदी तर निघत नसे, वर आर्सेनिकचा विषारी धूर निघे; तेव्हा डोंगरात राहणाऱ्या 'कोबोल्ड' नावाच्या खट्याळ भुताने खरी चांदी चोरून त्या जागी हा दगड ठेवला, असे कामगार म्हणत. तोच कोबाल्ट. तांब्यासारखा लालसर असून तांबे न देणाऱ्या दगडाला ते 'कुप्फेरनिकेल' म्हणत, म्हणजे तांब्यातला निकेल, आणि हा निकेलही एक भूतच. दोन्ही धातू पुढे स्वीडनमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केले, कोबाल्ट गेओर्ग ब्रांटने १७३० च्या दशकात आणि निकेल आक्सेल क्रोनस्टेटने १७५१ मध्ये. नावे मात्र त्यांनी सॅक्सन कामगारांचीच ठेवली. कथिलाच्या भट्टीत एक जड काळा दगड मिसळला गेला की कथील कमी निघे. लांडगा मेंढरे खातो तसा हा दगड कथील खातो, म्हणून त्याचे नाव पडले वोल्फ्राम. शाळेत टंगस्टनची संज्ञा 'डब्ल्यू' का, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. तो डब्ल्यू म्हणजे हा लांडगा. युरेनियमच्या काळ्या दगडाला ते 'पेखब्लेंडे' म्हणत. पेख म्हणजे डांबर, आणि जर्मनमध्ये पेख म्हणजे दुर्दैवसुद्धा. ब्लेंडे म्हणजे फसवा. शिरेत तो दगड दिसू लागला की चांदी संपत आली असे समजायचे.

सोळाव्या शतकाअखेर चांदी खरोखरच आटत गेली आणि गावांनी इतर धंदे शोधले. आनाबेर्गकडे बायका लेस विणू लागल्या, झाय्फेनकडचे कामगार लाकूड चरकावर लावून खेळणी करू लागले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या धर्मयुद्धांनी सीमेलाही अर्थ आणला. माथ्यावरची प्लाटेन आणि गोट्टेसगाब ही मूळची सॅक्सन गावे १५४७ नंतर बोहेमियाकडे गेली, आणि पुढे तिथल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना धर्म बदला नाहीतर चालते व्हा असा हुकूम झाल्यावर त्यांनी सीमा ओलांडून १६५४ मध्ये योहानगेओर्गनश्टाट वसवले. गोट्टेसगाब म्हणजे देवाचे दान. त्याचे आजचे चेक नाव बोझी दार, अर्थ तोच. त्या देवाच्या दानात मी मे महिन्यात बर्फ पाहिला आहे.

सगळे धातू संपले असे मात्र कधीच झाले नाही, कारण जुना धातू संपला की विज्ञान नवा शोधून काढी. फ्रायबेर्गला १७६५ मध्ये खाणशास्त्राची अकादमी स्थापन झाली, ती आजही विद्यापीठ म्हणून चालू आहे. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट तिथलाच विद्यार्थी. तिथे १८६३ मध्ये राइख आणि रिश्टर यांना इंडियम सापडले. या नावाने आपण हुरळून जातो, पण ते भारतावरून नसून त्याच्या वर्णपटातल्या नीळ रंगाच्या रेषेवरून दिलेले आहे. अर्थात नीळ या शब्दाचे युरोपी रूप 'इंडिगो' हे भारतावरूनच आले, तेव्हा थोडे हुरळायला हरकत नाही. तिथेच १८८६ मध्ये क्लेमेन्स विंक्लर याने जर्मेनियम वेगळे केले. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेयेव्हने पंधरा वर्षे आधी या न सापडलेल्या मूलद्रव्यासाठी आपल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात घर रिकामे ठेवले होते आणि त्याला 'एका-सिलिकॉन' असे नाव दिले होते, त्यातला 'एक' थेट संस्कृतातून उचललेला. सिलिकॉनच्या पुढचे एक घर, इतकाच अर्थ.

आता त्या फसव्या डांबरी दगडाकडे येते, कारण क्रुश्ने या शब्दाचा दुसरा अर्थ तिथूनच जवळ येऊ लागतो. बर्लिनच्या मार्टिन क्लाप्रोथने १७८९ मध्ये या दगडात नवा धातू असल्याचे दाखवले आणि तेव्हा ताज्या सापडलेल्या युरेनस ग्रहावरून त्याला युरेनियम म्हटले. शंभर वर्षे त्याचा उपयोग मुख्यतः काचेला हिरवट पिवळा रंग देण्यासाठी झाला आणि त्यासाठी योआखिम्सटालला कारखानाही निघाला. रंग काढून घेतल्यावर उरलेला तपकिरी चोथा पाइनच्या रानात टाकून देत. तोच चोथा पोत्यांत भरून पॅरिसला गेला, आणि मारी आणि पिएर क्युरी यांनी पेखब्लेंडेमध्ये १८९८ मध्ये आधी पोलोनियम आणि मग रेडियम असल्याचे जाहीर केले. काही टन चोथा उकळून, ढवळून, गाळून १९०२ पर्यंत मारी क्युरींच्या हाती रेडियमचा दशांश ग्रॅम क्षार आला.

याखिमोवने त्या बातमीचा लगेच धंदा केला. खाणीतल्या किरणोत्सारी पाण्याची स्नानगृहे १९०६ मध्ये सुरू झाली आणि १९१२ मध्ये 'रेडियम पॅलेस' नावाचे भव्य हॉटेल उभे राहिले. डोंगराच्या दुसऱ्या बाजूला श्नेबेर्गचे खाणकामगार मात्र तरुणपणी छातीच्या आजाराने मरत होते. 'श्नेबेर्गचा आजार' या नावाखाली चालत आलेला तो रोग म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग आहे, हे दोन डॉक्टरांनी १८७९ मध्येच दाखवून दिले होते, आणि त्यामागे खाणीतला रॅडॉन हा किरणोत्सारी वायू आहे हे पुढच्या शतकात उमगले. एकच वायू इथे पैसे देऊन घ्यायचा आणि तिथे पगारासाठी.

त्यानंतरची पन्नास वर्षे थोडक्यात सांगणे अवघड आहे. चेक बाजूला शतकानुशतके राहणारे लोक मुख्यतः जर्मनभाषक होते. म्युनिक करारानंतर १९३८ मध्ये तो पट्टा हिटलरच्या जर्मनीत गेला, आणि युद्ध संपल्यावर जवळपास तीस लाख जर्मनांना चेकोस्लोव्हाकियातून घालवण्यात आले. माथ्यावरची गावेच्या गावे रिकामी झाली. काहींत आतल्या भागातून नवी कुटुंबे आली, काही पडून गेली. प्रेसनित्स किंवा प्र्शीसेच्नित्से नावाचे जुने खाणगाव तर १९७४ मध्ये पाडून धरणाच्या पाण्याखाली घालण्यात आले.

युरेनियमची किंमत बॉम्बने वाढवली होती. जर्मन बाजूला सोव्हिएत संघाने १९४७ मध्ये 'विस्मुट' नावाची कंपनी काढली. विस्मुट म्हणजे बिस्मथ. काढायचे युरेनियम आणि पाटी बिस्मथची. या कंपनीने १९९० पर्यंत सॅक्सनी आणि थुरिंगिया मिळून सुमारे २,३१,००० टन युरेनियम काढले. निर्वासितांनी वसवलेल्या योहानगेओर्गनश्टाटचा जुना भाग खालून इतका पोखरला गेला की तो पाडावा लागला. याखिमोवला १९४९ पासून १९६१ पर्यंत राजकीय कैदी खाणीत राबवले गेले: पाद्री, विद्यार्थी, शेतकरी, युद्धात नाझींशी लढलेले सैनिकसुद्धा. ते स्वतःला 'मुक्ल' म्हणत; 'संपवण्यासाठी राखलेला माणूस' या चेक शब्दांची ती आद्याक्षरे. ओस्त्रोव्हजवळच्या एका विटांच्या मनोऱ्यात खनिज दळून पिंपांत भरत असत, त्याला त्यांनी मृत्यूचा मनोरा असे नाव दिले, आणि तो मनोरा अजून उभा आहे. पायथ्याशी तोवर तपकिरी कोळशाच्या उघड्या खाणी पसरत होत्या. कोळशासाठी मोस्त हे आख्खे जुने शहर पाडले. त्यातले फक्त एक गॉथिक चर्च १९७५ मध्ये रुळांवर ठेवून ८४१ मीटर सरकवले. त्या कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या धुराने माथ्यावरची स्प्रूसची राने सत्तर-ऐंशीच्या दशकांत जळून गेली. मिरिक्विडीचे, काळोख्या रानाचे, उभे खुंट तेवढे उरले होते. आता पुन्हा लावलेली झाडे वाढली आहेत.

हे वाचून झाल्यावर मी याखिमोवला गेले. रस्ता खोऱ्यातून वर चढतो, दोन्ही बाजूंना सोळाव्या शतकातली सुबक दारे आणि त्यांतल्या काहींमागे घरच नाही, नुसते गवत. वर टांकसाळीच्या इमारतीत संग्रहालय आहे. तिथे काचेखाली पहिला टालर पाहिला: आपल्या जुन्या चांदीच्या रुपयापेक्षा बराच मोठा, कडा थोड्या वाकड्या, संत योआखिमची दाढी झिजलेली. वरच्या अंगाला १५१८ पासूनची 'स्वोर्नोस्त' खाण आजही चालू आहे, पण तिथून आता फक्त पाणी काढतात आणि ते नळाने खालच्या स्नानगृहांना जाते. स्वोर्नोस्त म्हणजे एकोपा. नाव वाचून मी तिथल्या बाकावर थोडा वेळ बसले.

जर्मन बाजूला नाताळाच्या आधी हा इतिहास खिडक्यांत मांडलेला असतो. लाकडी कमानीवर दिवे, आणि शेजारी हातात मेणबत्ती धरलेले लाकडी खाणकामगार आणि देवदूत. घरात जितके मुलगे तितके खाणकामगार, जितक्या मुली तितके देवदूत, असा जुना रिवाज. हिवाळ्यात अंधारात खाणीत उतरून अंधारातच वर येणाऱ्या माणसांना दिव्याचे अप्रूप असणारच. एकमेकांना ते आजही 'ग्लुक आउफ' म्हणतात. शिरा उघडोत, आणि तू सुखरूप वर ये, असे दोन्ही अर्थ त्यात सांगतात. दोन्ही देशांतल्या मिळून बावीस जागांना २०१९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तीही दोन्ही नावे जोडून.

डोंगराच्या पूर्वेला सीमेवर एकच गाव दोन देशांत विभागलेले आहे: इकडे त्सिनवाल्ड, तिकडे त्सीनोव्हेत्स. त्सिन आणि त्सीन, दोन्ही म्हणजे कथील. आपल्याकडे भांड्यांना कल्हई करतात तेच. कथील काढणे तिथे १९९० च्या सुमारास थांबले. पण कथिलाबरोबर ज्या करड्या अभ्रकाचे ढीग टाकून दिले जात, आणि ज्याला गावावरून 'त्सिनवाल्डाइट' नाव पडले, त्यात लिथियम आहे. वीजगाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी सीमेच्या दोन्ही बाजूंनी ते काढण्याच्या योजना आता चालू आहेत. मी तिथल्या ढिगावरून एक तुकडा उचलला, नखाने सोलला तर पापुद्रे सुटले.

तो तुकडा दाखवत मी जेवणाच्या सुट्टीत त्या चेक सहकाऱ्याला क्रुशेत्सची सगळी हकिकत सांगितली. तुझा अर्थ चुकीचा होता, हेही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला की शाळेत त्यांना हे शिकवले होते, तो विसरला होता. त्याची आजी १९४६ मध्ये देशाच्या पूर्वेकडच्या मोराव्हियातून माथ्यावरच्या एका रिकाम्या घरात राहायला आली, तेव्हा चुलीवर कोणाचे तरी भांडे तसेच होते आणि पहिल्याच हिवाळ्यात दाराच्या वरपर्यंत बर्फ आले. डोंगराचे नाव ऐकून तिने जो अर्थ घेतला तोच त्याच्या घरी चालत आला. ते भांडे अजून आहे का, असे मी विचारले. आहे, तो म्हणाला. कथिलाचे आहे, त्यात आई फुले ठेवते.